मँडेटरी फील्ड

एखादं फील्ड मँडेटरी केलं की लोक काय करतात, हे आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माहीत नसलं तरी काहीतरी भरतात! आणि पुढे तेच 'काहीतरी' डेटा म्हणून मिरवतं.

इथे अमेरिकेत सरकारी अ‍ॅनिमल शेल्टर्समध्ये असंच एक फील्ड असतं, 'ब्रीड'. रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याचे आईबाप कोण, देव जाणे. मग डोकं रुंद आणि अंग भरलेलं दिसलं की टाका 'पिट बुल मिक्स'! मुळात पिट बुल ही एकच एक जातही नव्हे. सारख्या दिसणाऱ्या काही जातींना मिळून पडलेलं ते नाव.

फ्लोरिडातल्या चार शेल्टर्समधल्या १२० कुत्र्यांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातले ६२ कुत्रे निदान एकातरी कर्मचाऱ्याला पिट बुल वाटले. डीएनए तपासल्यावर निघाले २५.

चूक कार्डावरच राहिली असती तर ठीक होतं. पण अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना २०१६ मध्ये दिसलं, की हुबेहूब तसेच दिसणारे पण दुसरं लेबल असलेले कुत्रे लवकर घरी जातात. पिट बुल लेबलवाले तिपटीहून जास्त काळ थांबतात. आणि सरकारी शेल्टरमध्ये जागा संपली की इंजेक्शन...

ऑर्लंडोच्या ऑरेंज काउंटी शेल्टरने २०१४ मध्ये सरळ ते लेबलच काढून टाकलं. दत्तक जाण्याचं प्रमाण वाढलं, आणि तेही फक्त पिट बुलांचं नाही!

चला, बग फिक्स झाला? छे. तो पुढच्या सिस्टिममध्ये गेला. गेल्या महिन्यात आम्हाला एक तपकिरी कुत्रा आवडला. आमच्या लीझिंग ऑफिसचा फॉर्म म्हणतो, ब्रीड लिहा. पिट बुल 'किंवा तसा दिसणारा' चालणार नाही. डेन्व्हरने १९८९ची बंदी २०२०च्या मतदानानंतर उठवली, तरी वेगळं परमिट लावलंच.

ताकदवान कुत्र्याबद्दल विचारपूस हवीच, मी नाही म्हणत नाही. पण मग कामाचं विचारा ना! मुलांशी कसा वागतो? मांजर चालतं का? पट्टा ओढतो का? ही माहिती निदान बघून भरता येते.

आमचं लीझ ऑक्टोबरात संपतंय. बायकोने नव्या अपार्टमेंट्सची एक्सेल शीट केलीय. पहिला कॉलम भाड्याचा नाही, पेट पॉलिसीचा आहे. तोवर तो तिथे असला म्हणजे मिळवली.