माळ

पंधराव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ आली. मांस-मच्छी सुटली, एकादशी लागली. मुंगीवरही पाय पडू देऊ नकोस, असं आजीने बजावलं. पुढे मी नर्स झाले. गर्भपाताच्या टेबलाशी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा माळ गाऊनच्या आत सरकवली. पेशंटपासून लपवली की विठ्ठलापासून, ते त्या दिवशी कळलं नाही.

टेबलावरची बाई माझ्याच वयाची. दोन लेकरं घरी, तिसरं अंगावर पिणारं. 'सिस्टर, मोकळी करा,' एवढंच म्हणाली. १९७१ च्या कायद्याने तिला ती वाट दिली होती. मी मात्र तिच्याशी तुटक वागले. दंडावरचे हिरवे-निळे वळ पाहिले, पण विचारलं नाही. हिंसा टेबलावर होणार आहे, एवढंच माझ्या डोक्यात. ती घरून हिंसा सोसूनच आली होती, हे सुचलंच नाही.

२९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरायचा. बातमी वाचली आणि ते वळ आठवले.

दुसरी आठवण याहून टोचते. बाहेर कुठेतरी सोनोग्राफी करून, कुठेतरी 'खाली करून' आलेल्या बाया आमच्याकडे रक्तस्राव होत असताना यायच्या. सोबत सासू. 'आधीच्या दोन्ही पोरीच आहेत हो,' हे ती न विचारता सांगायची. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८०७ च निघाल्या. आम्ही सलाईन लावत होतो. कुठे केलंत, कुणी सांगितलं, हे त्या सासूला किंवा तिच्या मुलाला विचारायला माझी माळ कधी गाऊनबाहेर आली नाही. धर्म आठवायचा तो टेबलावरच्या बाईपुढे. तिच्यापुढे बोलायला धैर्य लागत नव्हतं.

धर्मशास्त्राने भ्रूणहत्येला महापाप म्हटलं. त्याच शास्त्राच्या नावाने विधवेचं केशवपन झालं. घरातल्याच पुरुषापासून दिवस गेले, की पाप तेवढं तिच्या पदरात. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अशा बाईला गुपचूप बाळंत होता यावं म्हणून. पुढे तिथल्याच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. माझ्या पंढरपुरातही प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. कित्येक वर्षं वारीला गेले, पण अहिंसेचं हे घर त्याच गावात आहे, हे मला कुणा कीर्तनात ऐकायला मिळालं नाही. पापाचा हिशेब मांडण्याआधी या माणसांनी बाईसाठी दार उघडलं होतं.

आता निवृत्त आहे. अंधार पडल्यावर कधी एखादी पोर दारात येते. मी आधी चहा ठेवते. किती महिने झाले हे नंतर; पहिल्यांदा विचारते, 'घरी कोण मारतं का गं?' मग ती म्हणेल तशी सरकारी दवाखान्यात सोबत जाते. कधी ती मूल ठेवते, कधी नाही.

पोटातल्या जिवासाठी मला आजही वाईट वाटतं. ते खोटं नाही, आणि वाटायचं थांबावं असंही मला वाटत नाही. फक्त ते तिच्या अंगावर टाकत नाही. रात्री हरिपाठाला बसते, तेव्हा सोबत घेऊन बसते.