तपासणीची रांग आणि सुरक्षिततेचा हिशेब

विमानप्रवास आता व्यापारी कुटुंबांत नवलाईचा राहिलेला नाही. मालाच्या खरेदीसाठी, परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या भेटीसाठी, लग्नकार्यासाठी घरातील तीन पिढ्या एकाच रांगेत उभ्या दिसतात. कमरेचा पट्टा काढायचा, नाणी आणि मोबाईल ट्रेमध्ये ठेवायचे, लॅपटॉप पिशवीबाहेर काढायचा, हात पसरून उभे राहायचे. नातवाकडे परदेशी निघालेल्या आजीच्या हातसामानातून लोणच्याची बरणी बाजूला काढली जाते, खाकऱ्यांची पाकिटे मात्र निर्वेध पुढे सरकतात. "एवढ्याशा बरणीने विमान पडते होय?" असे आजी विचारते. मागची मंडळी हसतात. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

या तपासणीचे मोल प्रवासी आपल्या तिकिटातूनच मोजत असतो. एप्रिल 2021 पासून भारतात देशांतर्गत प्रवासासाठी 200 रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी 12 डॉलर इतके सुरक्षा शुल्क तिकिटात समाविष्ट आहे. त्याशिवाय दोन-तीन तास आधी पोहोचण्याचा वेळ वेगळाच. जो खर्च प्रत्येक खेपेस करावा लागतो त्यातून पदरात काय पडते, हे विचारणे ही पेढीची जुनी रीत आहे. सुरक्षेच्या बाबतीत मात्र ही रीत सहसा पाळली जात नाही, कारण भीतीपुढे हिशेब मागणे अप्रशस्त वाटते.

एके काळी ही रांगच अस्तित्वात नव्हती. 30 जानेवारी 1971 रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान दोन तरुणांनी लाहोरला पळवून नेले. त्यांच्या हातातील पिस्तूल खोटे होते आणि हातबाँब लाकडाचा होता. त्या काळी विमान पळविण्यास एवढी सामग्री पुरत असे. अमेरिकेत 1968 ते 1972 या पाच वर्षांत शंभरावर विमाने पळविण्याचे प्रयत्न झाले. अखेर जानेवारी 1973 पासून तेथे प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातसामानाची तपासणी सक्तीची झाली, आणि अपहरणांचा तो ओघ एकाएकी आटला. भारतात 1976 च्या विमान अपहरणानंतर पांडे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून 1978 मध्ये नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र कक्ष उभा राहिला. आजचा बीसीएएस हा विभाग त्यातूनच वाढला.

म्हणून तपासणी हा निव्वळ देखावा आहे, असे म्हणणाऱ्यांना हा पहिला जमाखर्च दाखवावा लागतो. खिशात पिस्तूल घालून विमानात शिरणे सहज शक्य होते तेव्हा लोक शिरत होते. अवघड झाले तेव्हा बहुतेकांनी तो नाद सोडला. आजही अमेरिकेतील विमानतळांवर हातसामानात बंदुका सापडतात. 2024 या एका वर्षात त्या 6,678 होत्या आणि त्यांतील दहापैकी नऊहून अधिक गोळ्या भरलेल्या होत्या. त्यांचे बहुतेक मालक दहशतवादी नव्हते, विसराळू होते. तरीही भरलेली बंदूक आणि विसराळू मालक हे दोन्ही तीस हजार फुटांवर नकोत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु जो विसरलेला नाही, ठरवून आलेला आहे, त्याचे काय? 2015 मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने स्वतःच्याच तपासनीसांची गुप्त परीक्षा घेतली. साध्या प्रवाशांच्या वेषातील अधिकारी नकली स्फोटके आणि शस्त्रे घेऊन निरनिराळ्या विमानतळांवर गेले. 70 पैकी 67 वेळा ते बिनबोभाट आत पोहोचले. बातमी बाहेर आली आणि तेथील सुरक्षा प्रशासनाच्या प्रमुखाला पदावरून दूर करण्यात आले. त्यामुळे मूळ दुखणे बरे होणार होते अशातला भाग नाही, कारण ते एका अधिकाऱ्याचे नव्हते, माणसाच्या डोळ्याचे होते.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये केलेला प्रयोग याबाबत बोलका आहे. शोधायची वस्तू दर दोन चित्रांपैकी एकात असे, तेव्हा पाहणाऱ्यांच्या नजरेतून ती सुमारे 7 टक्के वेळा निसटली. तीच वस्तू शंभरांतून एकाच चित्रात ठेवली, तेव्हा चुकण्याचे प्रमाण 30 टक्क्यांवर गेले. रोख व्यवहाराच्या दिवसांत गल्ल्यावर बसलेल्या कोणालाही हे नवे वाटणार नाही. बाजारात खोट्या नोटांची आवई उठली असेल तेव्हा प्रत्येक नोट उजेडात धरली जाते. महिनोन्महिने एकही खोटी नोट आली नाही की बोटे केवळ मोजत राहतात. विमानतळावरील पडद्यापुढे बसलेल्या जवानाला तर नोकरीच्या सगळ्या काळात खरा बाँब एकदाही दिसण्याची शक्यता नसते. यावर काढलेली युक्ती चांगली आहे. यंत्र स्वतःच मधूनमधून एखाद्या प्रवाशाच्या पिशवीच्या चित्रात बंदुकीची वा स्फोटकाची खोटी प्रतिमा मिसळते आणि जवानाने ती ओळखली की नाही याची नोंद ठेवते. डोळा जागा ठेवण्यासाठी त्याला असे फसवावे लागते.

यंत्र आणि डोळा यांच्याही पलीकडे एक अगदी साधी, कंटाळवाणी गोष्ट असते: कोणते सामान कोणाचे आहे याची नोंद. भारतीयांना तिचे मोल फार महाग पडून कळले. 22 जून 1985 रोजी कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर एक प्रवासी आपली पेटी थेट एअर इंडियाच्या विमानापर्यंत पाठवावी म्हणून हट्ट धरून बसला. टोरांटोपासून पुढचे त्याचे आसन निश्चित झालेले नव्हते, त्यामुळे नियमाने ती पेटी पुढे जायला नको होती. मागे रांग वाढत होती. अखेर खिडकीवरील कर्मचाऱ्याने हट्ट मान्य केला. पेटी गेली, प्रवासी विमानात चढलाच नाही. टोरांटोत सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र त्याच दिवशी मध्येच बंद पडले आणि उरलेल्या पेट्यांवरून हातात धरायचे एक गंधशोधक उपकरण फिरविण्यात आले. मालक नसलेली ती पेटी 'कनिष्क' विमानाच्या पोटात ठेवली गेली. 23 जूनच्या सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशातच विमानाचे तुकडे झाले आणि 329 माणसे मृत्युमुखी पडली. सुट्टीसाठी आजोळी निघालेली कितीतरी मुले त्यांत होती. त्याच कटातील दुसरी पेटी जपानच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान हाताळणारे दोन कामगार गेले.

या घटनेत कोणते अद्भुत यंत्र कमी पडले? यंत्र बंद पडले हे खरे, पण त्याच्याही आधी एक साधा प्रश्न विचारायचा राहिला होता: ही पेटी ज्याची आहे तो माणूस विमानात आहे का? साडेतीन वर्षांनी, 21 डिसेंबर 1988 रोजी, स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर पॅन अ‍ॅमचे विमान कोसळले आणि 270 जण दगावले. रेडिओ-कॅसेट यंत्रात दडविलेला तो बाँबही मालकाविना प्रवास करणाऱ्या पेटीतच होता, असे तपासात निष्पन्न झाले. आज एखादा प्रवासी आयत्या वेळी आला नाही तर त्याची पेटी शोधून खाली उतरविली जाते, विमान अर्धा तास खोळंबते आणि आतले लोक घड्याळाकडे पाहत चडफडतात. तो अर्धा तास कनिष्कने दिलेला आहे. सगळ्या तपासणीत प्रवाशाला सर्वांत कमी दिसणारी आणि बहुधा सर्वांत मोलाची अशी ही गोष्ट आहे. अर्थात जो स्वतः मरायला तयार आहे त्याला ती अडवू शकत नाही.

प्रश्न विचारण्याचा उपयोग किती होतो, याचे दुसरे उदाहरण लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचे आहे. 17 एप्रिल 1986 रोजी एक गरोदर आयरिश तरुणी इस्रायलच्या एल अल कंपनीच्या विमानात बसण्यासाठी आली. तिची पिशवी विमानतळाच्या तपासणीतून सुखरूप बाहेर आली होती. एल अलच्या माणसांनी मात्र तिच्याशी बोलायला सुरुवात केली: कोठे निघालात, कोणाकडे उतरणार, पिशवी कोणी दिली? उत्तरे पटेनात, तशी पिशवी रिकामी करण्यात आली. रिकामी असूनही ती जड लागली. खोट्या तळाखाली दीड किलो स्फोटक निघाले. पिशवी तिच्या वाग्दत्त वराने दिली होती आणि तिला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. "ओळखीच्याचे एवढे पार्सल घेऊन जा" अशी विनंती ज्यांना वरचेवर होते, त्या व्यापारी मंडळींनी ही हकीकत एकदा घरात वाचून दाखवावी.

प्रवाशांना सर्वाधिक जाच होतो तो मात्र बैल गेला अन् झोपा केला या जातीच्या नियमांचा. डिसेंबर 2001 मध्ये एकाने बुटात स्फोटक लपविले, म्हणून अमेरिकेत बूट काढणे आले. ते सरसकट काढण्याची सक्ती उठायला जुलै 2025 उजाडले. ऑगस्ट 2006 मध्ये पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, म्हणून 100 मिलिलिटरची मर्यादा आली. आजीच्या बरणीचे मूळ तेथे आहे. तेव्हा आजीच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की लोणच्याने विमान पडत नाही, पण लोणच्यासारखे दिसणारे काय आहे हे जुन्या यंत्राला सांगता येत नाही. मात्र एक गोष्ट विसरली जाते. तो लंडनचा कट कोणत्याही विमानतळावर पकडला गेला नव्हता. पोलिसांनी कित्येक आठवडे पाळत ठेवून तो आधीच मोडून काढला होता. बुटात स्फोटक असलेल्या माणसाला सहप्रवाशांनी आणि हवाई सेविकांनी आवरले. 2009 च्या नाताळात अंतर्वस्त्रात स्फोटक लपवून अ‍ॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या तरुणालाही प्रवाशांनीच धरले. त्याच्या वडिलांनी स्वतः नायजेरियातील अमेरिकी वकिलातीत जाऊन मुलाविषयी आधीच सावध केले होते. सूचना मिळाली होती. ती योग्य टेबलापर्यंत पोहोचली नाही.

11 सप्टेंबर 2001 चा दाखलाही याच जातीचा आहे. 19 अपहरणकर्त्यांपैकी निम्म्याहून अधिकांवर तेथील संगणकीय पद्धतीने संशयाची खूण केली होती. त्या खुणेचा परिणाम एवढाच, की ते विमानात चढेपर्यंत त्यांच्या पेट्या आत ठेवल्या गेल्या नाहीत. कनिष्कचा धडा घोकून ठेवलेला होता, पण या वेळचे आक्रमक स्वतः मरायला आले होते. चार इंचांहून आखूड पात्याचे चाकू तेव्हा नियमानेच चालत.

त्यानंतर जे काही बदलले त्यांत वैमानिकाच्या कक्षाचे मजबूत, आतून बंद होणारे दार हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सरस ठरले. सुरक्षेचे अभ्यासक ब्रूस श्नायर यांनी हे दार आणि प्रतिकाराला तयार झालेले प्रवासी, या दोनच गोष्टींना खऱ्या सुधारणेचे श्रेय दिले आहे. जॉन म्यूलर आणि मार्क स्टुअर्ट या दोघा अभ्यासकांनी तर चक्क हिशेब मांडला: दारांचा खर्च वर्षाला सुमारे 4 कोटी डॉलर, विमानात साध्या वेषात बसणाऱ्या सशस्त्र मार्शलांचा सुमारे 90 कोटी डॉलर. त्यांच्या मते पहिला खर्च वसूल होतो, दुसरा होत नाही. पेढीवर हा ताळेबंद कोणी आणला असता तर दुसरी रक्कम त्याच दिवशी कापली गेली असती. दारालाही दुसरी बाजू आहेच. मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने मुख्य वैमानिकाला बाहेर ठेवून तेच दार आतून बंद केले आणि आल्प्स पर्वतात विमान आदळले. 150 माणसे गेली.

रांगेचा खर्च केवळ पैशात मोजून भागत नाही. सप्टेंबर 2001 नंतर भीतीने अनेक अमेरिकनांनी विमान सोडून मोटार धरली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या अंदाजाने त्यामुळे वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार माणसे जास्तीची मेली. रस्ता हा आकाशाहून किती घातक असतो हे भारतीयांना सांगायला नको: 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जण मृत्यू पावले. शिवाय रांग स्वतःच लक्ष्य होऊ शकते. मार्च 2016 मध्ये ब्रुसेल्स विमानतळावर बाँब फुटले ते तपासणीच्या अलीकडे, तिकिटांच्या खिडक्यांपाशी. आपल्याकडे इमारतीच्या दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. त्याने गर्दी आतून बाहेर सरकते, नाहीशी होत नाही.

आणि प्रत्येक प्रवासी जगातील सर्वांत ढिल्या विमानतळाच्या भरवशावर उडत असतो. 24 डिसेंबर 1999 रोजी कंदाहारला नेले गेलेले आयसी-814 हे विमान काठमांडूहून निघाले होते. दिल्लीतील तपासणी कितीही कडक असती तरी तिचा काडीमात्र उपयोग नव्हता. त्या प्रकरणानंतर भारतातील विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागले, पहिला जयपूरचा, फेब्रुवारी 2000 मध्ये. तेव्हा हातसामानाच्या चिठ्ठीवर शिक्का मारून घेण्याची धडपड अनेकांच्या स्मरणात असेल. तो शिक्का पुसट उमटला म्हणून माणसे परत पाठविली जात. 2017 मध्ये मोठ्या विमानतळांवर तो बंद झाला, आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

ऑक्टोबर 2010 मध्ये येमेनहून अमेरिकेकडे निघालेल्या दोन पार्सलांत, प्रिंटरच्या शाईच्या डब्यांत, स्फोटके भरलेली होती. सौदी अरेबियाकडून पार्सलांची नेमकी माहिती आली, म्हणून एक दुबईत आणि दुसरे इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स विमानतळावर बाजूला काढण्यात आले. इंग्लंडमधील अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा ते पार्सल तपासले तेव्हा त्यांना त्यात काहीच आढळले नव्हते. दुबईत काय सापडले हे कळल्यावर त्यांनी तेच पार्सल पुन्हा उघडले.