दोन डोळ्यांचा कॅमेरा

जर्मनीतील ब्राउनश्वाइग नगरीत १९२९ साली रोलायफ्लेक्स कॅमेरा जन्मास आला. त्यास डोळे दोन. वरच्या भिंगातून दृश्य न्याहाळावयाचे, खालच्यातून ते फिल्मवर उतरावयाचे. छायाचित्रकार मान लववून पाहतो, म्हणून समोरचा माणूस बुजत नाही. हा गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो. नवसारीत जन्मलेल्या होमाई व्यारावाला यांच्याही हाती हा कॅमेरा असे.

पुढे फिल्मचा जमाना ओसरला. २००९ साली कारखान्याचे दिवाळे निघाले. नव्या नावाने तो उभा राहिला, तोही २०१४ मध्ये बुडाला. २०१५ साली मोजक्या मंडळींनी तिसरा डाव मांडला.

नल्लकुंट्यात बसून ब्राउनश्वाइगची चिंता कशास, असे कोणी म्हणेल. परंतु सहाव्या निजामाच्या काळी राजा दीनदयाळ यांनी टिपलेले हैदराबाद आम्ही आजही पाहतो, ते त्यांची काचचित्रे टिकली म्हणून. काच जपून ठेवली की झाले. कॅमेऱ्याचे तसे नव्हे. त्याचे शटर नाजूक स्प्रिंगांवर व दातेरी चाकांवर चालते. ते मंदावले, तर उकलून पुन्हा जुळविणारा हात लागतो, आणि असा हात कारखान्यातच वर्षानुवर्षे घडतो. जुने कारागीर थकल्यावर बाजारात कॅमेरे पुष्कळ मिळतील. ते दुरुस्त कोण करील?