शिवणीतला उजेड

रात्रीच्या सायकलस्वाराच्या कपड्यावरची चंदेरी पट्टी स्वतः उजळत नाही. अंगावर पडलेला उजेड ती आल्या वाटेने माघारी धाडते. पट्टीच्या पृष्ठभागावर केसाच्या जाडीहून बारीक काचेचे मणी पसरलेले असतात आणि त्यांच्या पाठीशी ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. किरण मण्यात शिरतो, वळतो, त्या थरावर आपटतो आणि जिथून आला तिकडेच परततो. म्हणूनच ट्यूबलाइटखाली राखाडी, निस्तेज वाटणारी पट्टी हेडलाइटच्या झोतात पांढरीशुभ्र पेटते. पण ती तशी दिसते ती त्या दिव्याजवळ डोळे असणाऱ्यालाच. रस्त्यात बसवलेले ‘कॅट्स आय’ही उजेड असाच परतवतात. यॉर्कशायरच्या पर्सी शॉने त्यांचे पेटंट १९३४ मध्ये घेतले होते.

पनवेलमध्ये या पट्टीची गरज वेगळी सांगावी लागत नाही. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी असल्याने खोपोलीकडे निघालेला सायकलस्वार जुन्या मुंबई–पुणे रस्त्यानेच जातो, आणि पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता फुटतो तिथे न्हावाशेव्याचे कंटेनर, कळंबोलीच्या लोखंड बाजाराचे ट्रेलर आणि एसटी एकत्र येतात. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांत रात्री परावर्तक जाकीट सक्तीचे असते. तळोज्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून परतणाऱ्या सायकलवाल्यावर अशी सक्ती कोणी करत नाही, पण रस्ता दोघांचा एकच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. चालकाला सायकल दोन सेकंद आधी दिसली, तर त्याच्या हाती सुमारे ३३ मीटरची मोकळीक जास्त येते.

त्यातही ट्रकची गोष्ट वेगळी. ट्रकचालक हेडलाइटच्या बराच वर बसतो. माघारी जाणारा उजेड मात्र दिव्याच्या आसपासच एकवटलेला असतो, त्यामुळे मोटारचालकापेक्षा ट्रकचालकाच्या डोळ्यांपर्यंत तो कमी पोहोचतो. दूर अंतरावर हा फरक नगण्य असतो, ट्रक जवळ येऊ लागला की वाढत जातो. म्हणून पट्टी रुंद हवी. परावर्तक पोशाखाच्या आंतरराष्ट्रीय मानकात तिची रुंदी किमान ५० मिलिमीटर धरली आहे, ती याच कामाची.

पट्टी कुठे शिवायची हे कापड बेतण्याआधी ठरवावे लागते. पाठीवरची एक आडवी पट्टी दुरून नुसता ठिपका वाटते. तो फलक आहे की रस्त्याकडेचा खांब, हे चटकन कळत नाही. घोट्यावर आणि गुडघ्यावर पट्ट्या असतील, तर त्या पायडलबरोबर वर-खाली होतात, आणि त्या हालचालीवरून चालकाला हा माणूस आहे हे लगेच उमगते. डिपरवर असलेल्या दिव्याचा झोत खाली पडतो, म्हणूनही घोट्याची पट्टी सर्वांत आधी उजळते. शिवाय वेलक्रोचा असा पट्टा उजव्या पायाला बांधला की पँटचा पायचा चेनमध्ये अडकत नाही. बाहीच्या टोकाला एक पट्टी असली की हात दाखवून वळताना ती कामी येते. पाठीच्या पट्टीची जागा मात्र उभे राहून आखू नये. हँडलवर वाकल्यावर पाठ लांबते आणि पिशवी खांद्याला असेल तर पट्टी झाकलीच जाते. तेव्हा पिशवीवरही एक तुकडा हवा.

या कापडाला टाचणी टोचली की भोक कायमचे राहते. म्हणून शिवताना चिमटे लावावेत, टाका तीन-साडेतीन मिलिमीटरचा लांब ठेवावा आणि शिलाई पट्टीच्या काठाला अगदी लागून घालावी. मध्ये घातलेली शिलाई मणी फोडत जाते. उसवून पुन्हा शिवले तर जुन्या भोकांची रांग उजेडात स्पष्ट दिसते. इस्त्री उलट्या बाजूने, कमी तापवून फिरवावी.

भडक जाकीट अनेकांना घालवत नाही, आणि खुंटीवर राहिलेल्या जाकिटाचा रस्त्यावर काहीच उपयोग नसतो. देखणेपणा इथे चैन नाही. खांद्याच्या जोडात, खिशाच्या तोंडाला, कुर्त्याच्या बाजूच्या कटाला परावर्तक गोट घालता येतो. कापडाचा पाया विणलेला असेल, तर उरेब कापलेली पट्टी गळ्याच्या वळणावरही बसते. दिवसा तो करडा गोट साध्या सुती कापडात मिसळून जातो आणि रात्री झोत पडला की अंगाची सारी बाह्यरेषा उजळते. काळे किंवा इंद्रधनुषी परावर्तक कापड आकर्षक असते, पण बहुधा चंदेरीपेक्षा मंद. ते नक्षीला वापरावे, भरवशाची पट्टी चंदेरीच ठेवावी. निऑन पिवळ्याची मदत दिवसा आणि तिन्हीसांजेला होते. काळोख पडल्यावर त्याची ती चमक टिकत नाही.

पनवेलचा पाऊस हा या शिलाईचा खरा कस. उघड्या मण्यांवर पाण्याचा थर चढला की किरण नीट वळत नाही आणि पट्टी मंदावते. पावसाळ्यासाठी प्लास्टिकच्या आवरणाखाली सूक्ष्म प्रिझम असलेली पट्टी बरी. ती ताठर असते, पण भिजल्यावरही उजेड परतवते. रेनकोटवर ती थेट शिवू नये, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपते. तिचा वेगळा पट्टा करून तो वरून चढवावा.

धुताना ब्लीच, ब्रश आणि पिळणे टाळावे. चोळण्याने आणि पिशवीच्या घासण्याने मणी झडतात. म्हणून शिवताना उरलेली एक कातरण जपून ठेवावी. अंधाऱ्या खोलीत कपडा आणि कातरण शेजारी टांगून, टॉर्च डोळ्यालगत धरून दहा पावलांवरून पाहिले की फरक कळतो. कपड्यावरची पट्टी कातरणीपेक्षा ठळकपणे फिकी दिसू लागली, की ती उसवून नवी लावावी.