डहाणू की झाई?

घर घेताना माणूस सहसा दोन प्रश्न विचारतो. 'परवडेल का?' आणि 'पुढे भाव वाढेल का?' आमच्याकडे गेलं वर्षभर तिसराच प्रश्न चालू होता. आई-बाबांनी कांदिवलीचं घर सोडून समुद्राकाठी जायचं ठरवलंय, तर मग डहाणू की झाई?

झाई म्हणजे कुठे, हे बऱ्याच जणांना नकाशात शोधावं लागेल. डहाणूहून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेला निघालात की नरपड, चिखले, घोलवड करत साधारण १७ किलोमीटरवर बोर्डी येतं. बोर्डी संपलं की झाई, आणि झाईच्या पुढे गुजरात. बोर्डीपर्यंत डहाणू तालुका, झाई मात्र तलासरी तालुक्यात. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि त्या तालुक्यातली जी गावं महाराष्ट्रात राहिली, त्यांचा तलासरी झाला. समुद्र तोच, सुरूची झाडं तीच, ओहोटीला दूरवर पळणारं पाणीही तेच. तालुक्याची रेघ तेवढी मधे.

बाबांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. ते बोर्डीच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकले. ही शाळा १९२० सालची, गोखले एज्युकेशन सोसायटीची. तारीख सांगून झाली की बाबा हमखास पुढचंही सांगतात: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आदिवासी मुलांसाठीचं काम बोर्डीतच सुरू केलं, आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. बोर्डीत मनासारखं घर मिळेना म्हणून बाबा झाईपर्यंत सरकले. तिथे एक जुनं बैठं घर होतं, मागे चार चिकूची झाडं आणि चालत पाच मिनिटांवर कोळ्यांच्या होड्या.

आईचं मत : डहाणू. पारनाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. समुद्र दिसत नाही, पण दहा मिनिटांत पोचता येतं.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मतभेद दिसला की एक्सेल उघडायचं ही सवय. निकष लिहिले, प्रत्येकाला वजन दिलं, दोन्ही घरांना गुण दिले. बायको म्हणाली, "आई-बाबांना पण एक कॉलम दे." तोही दिला :)

पहिला निकष प्रवास. १६ एप्रिल २०१३ ला चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत गेली. चर्चगेटहून १२४ किलोमीटर, आम्हाला बोरिवलीहून साधारण दोन तास. लोकल तिथेच संपते. त्यापुढे घोलवड आणि बोर्डी रोड ही स्टेशनं आहेत, पण तिथे मोजक्या गाड्या थांबतात. शिवाय नावाला भुलून बोर्डी रोडला उतरायचं नाही, बोर्डीला जाणारे घोलवडलाच उतरतात! इथे डहाणूला सरळ गुण.

दुसरा निकष शांतता आणि हवा, आणि हा पाहता पाहता भलताच गुंतागुंतीचा निघाला. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना बंदी, बाकीच्या उद्योगांना मिळून ५०० एकरांची मर्यादा आणि तालुक्याच्या भोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त. म्हणजे झाई रेघेच्या पलीकडे असली तरी त्या पट्ट्यात येते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला वाटलं होतं की हा भाग आता असाच राहणार.

पण जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला अटी घालून परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, खर्च ७६,२२० कोटी, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी. वाढवण डहाणू गावाच्या दक्षिणेला आहे. मच्छीमारांचा विरोध कित्येक वर्षांचा.

आणि इथे माझ्या शीटमध्ये एक मजा झाली. फ्लॅट दाखवणारा एजंट म्हणाला, "साहेब, बंदर येतंय, पाच वर्षांत दुप्पट." बाबा म्हणाले, "बंदर येतंय, मग डहाणूला राहायचं कशाला?" माहिती एकच, एकाच्या हिशेबात अधिक चिन्ह, दुसऱ्याच्या हिशेबात उणे. तुम्ही विकायला घर घेताय की राहायला, हे आधी लिहिल्याशिवाय त्या रकान्यात आकडाच टाकता येत नाही. आम्ही राहायला घेत होतो. तेव्हा भाव वाढण्याचा रकाना पुसून टाकला. पुसल्यावर शीट बरीच हलकी झाली. शांततेच्या रकान्यात झाई पुढे गेली.

तिसरा निकष भूकंप. हसू नका. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या आसपास आणि तलासरीकडे धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले, सगळ्यांत मोठा ४.१ चा. लोक थंडीत तंबूत झोपले. हा पट्टा दोन्ही तालुक्यांना धरून आहे, त्यामुळे इथे गाव बघून उपयोग नाही, बांधकाम बघावं लागतं. झाईच्या घराच्या भिंती जुन्या विटांच्या होत्या, खांब नव्हते. डहाणूची इमारत आरसीसी, तीन मजली. ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दोन्ही दाखवली. त्याने झाईच्या घराला मजबुतीकरणाचा जो खर्च सांगितला तो ऐकून बाबा पहिल्यांदा गप्प झाले.

बाबा हार मानणारे नव्हेत. "मग जमीन घेऊ, नवीन बांधू." जमीन दाखवणारा माणूसही लगेच भेटला. जागा सुंदर, भाव निम्मा. सातबारा मागितला तर खातेदार आदिवासी. "काळजी करू नका," तो म्हणाला, "कुलमुखत्यारपत्र करू, ९९ वर्षांचा करार करू, इथे सगळे असंच करतात."

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ मी त्या रात्री वाचून काढलं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला तेवढी पुरते, बाकी सगळ्या व्यवहारांना राज्य सरकारची पूर्वमान्यताही लागते. हे १९७४ पासून आहे, आणि उगाच नाही. याच तलासरीतल्या झरी गावात मे १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या उपस्थितीत वारली शेतकऱ्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको सावकाराच्या घरी जन्मभर राबत. जमिनी अंगठा उठवून गेल्या होत्या. त्याच तालुक्यात, मुखत्यारपत्रावर अंगठा घेऊन, बाबांच्या निवृत्तीचं घर?

मी हे सगळं बाबांना वाचून दाखवणार होतो. गरज पडली नाही. सातबारा बघून त्यांनीच कागद परत केला. म्हणाले, "आम्हाला शाळेत जे शिकवलं ते असलं घर बांधायला नाही." बस, विषय संपला.

उरलं ते विटांचं जुनं घर आणि डहाणूचा फ्लॅट. शीटमध्ये दोघांच्या गुणांत फरक फारसा नव्हता, वजनं थोडी इकडेतिकडे केली की निकाल उलटायचा. ज्यांनी असे मॅट्रिक्स केलेत त्यांना हे ठाऊक असेल, शेवटी आपण आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे हलवत बसतो. बाबांची बायपास होऊन सहा वर्षं झाली आहेत, म्हणून दवाखान्याला मी भरपूर वजन दिलं होतं. तरी बाबा म्हणायचे, "अरे, मला काही झालं तर गाडी आहे, तुझी आई चालवते."

तेव्हा आई, जी इतके महिने नुसती ऐकत होती, म्हणाली, "आणि तुम्ही नसलात तर? मला डोळ्याने रात्री दिसत नाही. मला तिथे रिक्षा मिळेल का? शेजारी हाक मारली तर कोण येईल?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी वर्षभर दोन माणसांसाठी घर शोधत होतो. आई एका माणसासाठी शोधत होती. हा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता आणि खरं सांगतो, कुणा मुलाच्या हाताने तो लिहिलाही जात नाही. जिने लिहायचा तिनेच लिहिला.

बाबा उठून गॅलरीत गेले. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "पारनाक्याहून बोर्डीला शेअर रिक्षा जातात ना रे?"

डहाणूचा फ्लॅट घेतला. नोंदणी झाली, सामान हलवून आता चार महिने झाले. उपजिल्हा रुग्णालय गावातच आहे, दूधवाला दारात येतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंशी आईचं इतकं जमलंय की माझा फोन ती तिसऱ्या रिंगनंतर उचलते. शनिवारची लोकल पकडून मी जातो, लॅपटॉप बरोबर असतोच. बंदराचं काय होईल ते होईल. त्याचा आवाज आमच्यापर्यंत येईलही. ते धरूनच सही केली आहे.

दर बुधवारी सकाळी बाबा पिशवी घेऊन बोर्डीला जातात. दुपारी जेवायला परत. पिशवीत मोसम असला तर चिकू असतात, नसला तर नुसतीच वाळू.