उलटा हात

माझ्या मानेला जे होतं त्याचं नाव स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी. डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहिलं, मी चिठ्ठीचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला आणि पुढचे दोन महिने सगळे मला 'बार्बी' म्हणत होते. लॅटिनमध्ये बार्बा म्हणजे दाढी, बाहुलीचा काही संबंध नाही, हे सांगून पाहिलं. त्याने ते वाढलंच.

ज्यांना हे होत नाही त्यांना ते सांगून कळत नाही. दाढी केल्यावर पहिले दोन तास आग. संध्याकाळपर्यंत हनुवटीखाली लाल ठिपके. तिसऱ्या दिवशी त्यातल्या काहींत पू. आठवड्याने पू जातो आणि त्या जागी काळा डाग राहतो, आणि तो फिका व्हायच्या आत पुढची दाढी येते. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर आतून रक्ताचे बारीक टिपके पडतात. आई ते गार पाण्यात मीठ घालून काढायची आणि काढताना काही बोलायची नाही. बोलणारे बाकीचे होते. अंगात उष्णता आहे. तेलकट खातो. पोट साफ होत नसेल. मोठे काका म्हणायचे, "पुरुषाच्या तोंडाला कसलं रे एवढं?" आमच्याकडे मुलीला एक पुटकुळी आली तर घरातल्या चार बायका चार लेप सुचवतात. मुलाच्या चेहऱ्याचा विषय एवढ्या एका वाक्यात संपतो.

२०१८ साली प्लेसमेंटच्या नोटिशीत 'क्लीन शेव्हन' हे दोन शब्द ठळक अक्षरांत होते. एका आठवड्यात तीन कंपन्या आल्या. मी सहा दिवसांत चार वेळा दाढी केली आणि शेवटच्या इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा मान अशी दिसत होती की समोरच्या बाईंनी डेटाबेसचा प्रश्न अर्धा सोडून विचारलं, "बरं नाहीये का?" नोकरी मिळाली. पण नॉर्मलायझेशनच्या प्रश्नाचं उत्तर मला आज आठवत नाही, आणि त्या बाईंची नजर कॉलरवर कुठे थांबली होती ते आठवतं.

अमेरिकेत या गोष्टीवरून लोक कोर्टात गेले आहेत. कुरळ्या केसांमुळे हा त्रास तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना फार होतो. पिझ्झा पोचवणाऱ्या एका माणसाला दाढी ठेवली म्हणून कामावरून काढलं होतं. त्याला हाच आजार होता. १९९३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की, सरसकट दाढीबंदी धंद्यासाठी गरजेची आहे हे कंपनीला दाखवता आलेलं नाही, वैद्यकीय कारण असलेल्यांना सूट द्या. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, आणि मग थोडा रागही आला की हे मला २०१८ मध्ये कुणी सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग काय झाला असता म्हणा. नोटीस काढणाऱ्या सरांना मी काय अमेरिकेचा निकाल दाखवणार होतो?

मग २०२०चा मार्च आला. मी पुण्याची खोली सोडून नाशिकला घरी आलो. कॅमेरा बंद ठेवून स्टँडअप व्हायचा, त्यामुळे दाढीचा प्रश्नच मिटला. सलूनही बंद होती. जूनच्या शेवटी ती उघडली तेव्हा फक्त केस कापायला परवानगी होती, दाढीला नाही. जगात एवढं काय काय चाललेलं आणि मी एका सकाळी आरशात पाहिलं तर मान स्वच्छ. डाग होते, पण नवा ठिपका एकही नाही. दहावीनंतर पहिल्यांदा. आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे: एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. इथे ती गोष्ट सरकारने बदलली होती. खाणं तेच होतं, किंबहुना आई घरात असल्यामुळे जास्तच तेलकट. उष्णता एप्रिलची होती. बदललं होतं ते ब्लेड.

पुढे डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी कागदावर एक केस काढून दाखवला. सरळ केस त्वचेतून सरळ बाहेर येतो, कापला की तिथेच उभा. कुरळ्या केसाचं मूळच वाकडं. तो तिरका बाहेर येतो आणि कापल्यावर त्याला तिरकं, अणकुचीदार टोक मिळतं. वाढता वाढता ते टोक वळून पुन्हा त्वचेत शिरतं. कधी तर तो बाहेर यायच्या आधी आतच भिंत फोडतो. शरीराला तो परका वाटतो, काटा रुतल्यासारखा, आणि ते त्याच्याशी भांडत बसतं. म्हणजे जंतू नंतर येतात, आधी केस येतो. म्हणून नावात 'स्यूडो' आहे.

यात जास्त पात्यांचे रेझर भर घालतात. १९७१ मध्ये दोन पात्यांचा रेझर आला, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. पहिलं पातं केस किंचित वर ओढतं, पुढचं त्याला तिथे कापतं, आणि सुटलेला केस त्वचेच्या पातळीखाली परत जातो. हाताला गुळगुळीत लागतं ते याचमुळे. ज्याचा केस सरळ आहे त्याच्यासाठी उत्तम सोय. माझ्यासाठी मात्र प्रत्येक गुळगुळीत दाढी म्हणजे शे-दोनशे काटे पुरून वर माती लोटल्यासारखं.

त्या दिवसांत मी दाढीबद्दल जे हाती लागेल ते वाचत होतो. दोन गोष्टी डोक्यात राहिल्या. एक, जिलेटने २००२ मध्ये भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर काढला होता. अडकलेले केस ढकलून काढायला त्यात एक पट्टी होती. चाचणी झाली अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. मुलं खूश. रेझर इथे आला आणि फसला, कारण त्या मुलांच्या बाथरूमला वाहता नळ होता आणि इथला माणूस मगभर पाण्यात दाढी करत होता. मगात बुचकळून ती पट्टी काही मोकळी होईना. मग त्यांची माणसं इथे येऊन, लोकांच्या घरी बसून दाढी बघून गेली आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा गार्ड आला, पंधरा रुपयांना, पातं पाच रुपयांना. आमच्या टीममध्ये कुणी 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणालं की मी ही गोष्ट सांगतो. आता सगळ्यांना पाठ झाली आहे.

दुसरी गोष्ट एमआयटीचीच, २०२० सालची, 'सायन्स'मध्ये आलेली. पोलादापेक्षा केस सुमारे पन्नास पट मऊ, तरी पातं बोथट का होतं? संशोधकाने आधी स्वतःची दाढी करून पात्याचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले. पातं झिजून गोल झालं नव्हतं, त्याच्या धारेचे बारीक कपचे उडाले होते. केस वाकून तिरका आला आणि पोलादाची आतली रचना नेमकी तिथे एकसारखी नसली की कपचा निघतो. तिथून पुढे मी ब्लेड तीन दाढ्यांनंतर टाकतो. बाबा एक ब्लेड पंधरा दिवस पुरवतात आणि माझ्या कचऱ्याच्या डबीकडे बघून मान हलवतात.

वाचनातून सगळं कळलं असं मात्र नाही. खरी गोष्ट कळली ती गंगेवर.

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. २०२३च्या जानेवारीत आजोबा गेले. त्याच महिन्यात माझं जुनं दुखणं फार चिघळलं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर ब्लेड लावायचं नाही असं बजावलं होतं, म्हणजे आत शिरलेले केस वाढून आपोआप बाहेर पडतील. दहाव्याला आम्ही सगळे पहाटेच रामकुंडावर गेलो. बाबा, दोघे काका, चुलतभाऊ आणि मी. क्षौर सगळ्यांना होतं. माझ्या मानेवर डाव्या बाजूला चार फोड होते, एक दुखरा.

आदल्या रात्री घरात यावर चर्चा झाली होती, म्हणजे काका बोलले होते. आजोबांनी तुला खांद्यावर बसवून फिरवलं आणि तुला एक दिवस वस्तरा सोसवत नाही? बाबा गप्प होते. मला यावर उत्तर सुचत नव्हतं, कारण वाक्य खरंच होतं. खांद्यावर बसवलं होतं. त्यांचे केस धरून मी बसायचो, आणि ते केस माझ्यासारखेच होते, बोटात अडकणारे.

पायऱ्यांवर न्हावी बसले होते. आमच्या वाट्याला आले ते साठीचे असतील. डोक्यावर गार पाणी मारून त्यांनी माझं डोकं झपाझप उतरवलं, मिशी काढली, मग हनुवटी वर केली आणि थांबले. अंगठा मानेवरून खाली नेला, मग वर नेला. दोनदा.

"पोरा, तुझा केस खालून वर येतोय," ते म्हणाले. "आणि इकडे डावीकडे तर आडवाच. वरून खाली ओढतोस ना रोज?"

सगळेच तसं ओढतात. सलूनमध्ये पहिला हात वरून खाली, तो सरळ मानतात, मग विचारतात, उलटा हात मारू का? माझ्या मानेवर तो सरळ हातच उलटा होता. दहा वर्षं दाढीला बसत होतो, चार डॉक्टर पाहिले होते, आणि हे पहिल्यांदा कुणी बोट लावून पाहिलं.

त्यांनी वस्तरा ठेवला, मशीन काढलं आणि मानेवर ते खालून वर हलकं फिरवलं. फोडांना सोडून. काका मागून म्हणाले, "अहो, वस्तरा नाही लागला तर चालतं का?"

"केस उतरले ना? रक्त काढायला नाही बसलो मी गंगेवर."

काकांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींच्या मागे आणखी दोन घरची माणसं ताटकळत होती. "चालतं, चालतं. स्नान करून या लवकर."

पाणी असं होतं की पाय आधी बधिर झाले. बाबा माझ्या शेजारी उभे होते, मुंडन केलेले, ओळखू न येणारे. ते म्हणाले, "अण्णा आठवड्याला दोनदाच करायचे. गुरुवार आणि रविवार. रोज केली की मान सोलते म्हणायचे." एवढं बोलून त्यांनी बुडी मारली. मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. निफाडकडच्या आमच्या गावात अण्णांच्या लहानपणी न्हावी ओसरीवर यायचा आणि त्याला सालाचं धान्य ठरलेलं असायचं, एवढं ऐकलं होतं. त्यांच्या मानेचं कुणी बोललं नव्हतं.

आता माझी पद्धत अशी. रोज नाही, एक दिवसाआड, आणि कॉल नसतील तर दोन दिवसांआड. अंघोळीनंतरच, कारण कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की केस मऊ पडतो. नाशिकच्या डिसेंबरात गीझर लावून अंघोळ करायची आणि दाढी गार पाण्याने, हे बाबांचं चालतं, माझं नाही. साधा, बिनवासाचा फेस. एक पातं, हात हलका, त्वचा ताणायची नाही. ताणली की केस आणखी बाहेर येतो, आणखी खाली कापला जातो. गालांवर वरून खाली, मानेवर खालून वर, डावीकडे आडवं. एकच फेरा. हाताला थोडं खरखरीत लागतं. लागू दे. मान चिडलेली असेल त्या आठवड्यात फक्त ट्रिमर, एक मिलिमीटर ठेवून. शेवटी गार पाणी आणि साधं मॉइश्चरायझर. आफ्टरशेव्हची बाटली, जिच्यामुळे 'दाढी झाल्यासारखं वाटतं', ती मी एका मित्राला दिली. तुरटीने रक्त थांबतं हे खरं, पण माझी त्वचा तिने कोरडी पडते, म्हणून कापलं तरच.

मेडिकलमधून आपल्या मनाने ट्यूब मात्र आणू नका. खाज, डाग, पुरळ या सगळ्यावर एकच म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा छान दिसतो, आणि महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, बंद केल्यावर आणखी भडकते. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षं याविरुद्ध ओरडते आहे. फोड वाढले, पसरले, ताप आला तर सरळ डॉक्टर.

डाग पूर्ण गेलेले नाहीत. ऊन टाळलं तर फिके होतात, द्राक्षांच्या मोसमात मामाच्या मळ्यात चार दिवस राहिलो की परत गडद. स्थळांसाठी फोटो काढायला गेलो तेव्हा कॉलेज रोडवरच्या स्टुडिओवाल्याने न विचारता माझी मान पुसून दिली. फोटोतली ती मान बघून आई म्हणाली, "छान आलाय." मी दुसरा काढून आणला, तिने तोही ठेवला. सध्या दोन्ही जातात. कोणता कुणाला जातो ते मी विचारत नाही.

गेल्या दिवाळीत धाकट्या काकांचा मुलगा माझ्याकडे रेझर मागायला आला. अकरावीत आहे, हनुवटीखाली दहा-वीस केस आलेत, आणि डोक्यावरचे पाहिले तर थेट अण्णांचे. त्याने स्वतः पाच पात्यांचा बघून ठेवला होता. मी म्हटलं, आधी दोन दिवस वाढू दे आणि मग ये. तो खरंच आला, भाऊबीजेच्या दुपारी, सगळे जेवून आडवे झाले असताना. त्याला आरशापासून लांब बसवलं आणि सांगितलं, डोळे मीट, मानेवरून अंगठा फिरव, कुठे टोचतं आणि कुठे नाही ते सांग.

त्याने बराच वेळ फिरवला.

"वर," तो म्हणाला. मग थांबून, "नाही, इकडे डावीकडे आडवा जातोय, दादा."