साठ खुर्च्यांचं टॉकीज

इच्छापोर हे नाव आपल्या भागातल्या वाचकांना मुद्दाम समजावून सांगायला नको. नंदुरबार-नवापूरकडच्या किती घरांतली माणसं आज सुरतेत आहेत, याची मोजदाद ज्याची त्याने आपल्या भाऊबंदांत करावी. त्यांतल्या बहुतेकांचा मुक्काम उधना, लिंबायत, डिंडोली या बाजूला, मागांच्या खडखडाटात. इच्छापोर मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, तापी ओलांडून, हजिऱ्याच्या रस्त्यावर. हजिऱ्याला खताचे, वायूचे, पोलादाचे कारखाने उभे राहत गेले तशी कंत्राटी कामाची माणसं या गावाच्या आसऱ्याने खोल्या धरून राहू लागली. ओडिया, बिहारी, उत्तर प्रदेशचे, आणि त्यांच्यात आपले खान्देशी. माझा धाकटा भाऊ त्यांपैकीच. १९९२ साली तो उधन्याला मागावर लागला. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची साथ आली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत घुसून घरी आला, दिवाळीनंतर परत गेला, आणि पुढे हजिऱ्याच्या एका कंत्राटदाराकडे फिटर म्हणून चिकटला तो आतापर्यंत.

यंदा त्याचं काम सुटलं. हिशेबाचे पैसे हाती आले, आणि डोक्यात टॉकीज शिरलं. फार मोठं नव्हे, साठ खुर्च्यांचं. एका व्यापारी संकुलातला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी हेरून ठेवला होता. पैसे कमी पडत होते, म्हणून सामाईकातली दोन एकर जमीन विकायची. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, तेव्हा माझ्या सहीवाचून गाडं पुढे सरकत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आठ दिवस इच्छापोरला जाऊन राहिलो तो या कामासाठी.

जमीन विकून टॉकीज, हे शब्द ऐकून आमच्या मायने कपाळाला हात लावला. मला मात्र त्याच्या खुळाचं मूळ ठाऊक होतं, म्हणून मी लगेच नाही म्हटलं नाही.

आपल्या भागातल्या मुलांच्या भाषेची गोष्ट बाहेरच्याला चटकन कळत नाही. मी ज्या शाळेत आहे तिथे पहिल्या बाकावर घरी गुजरी बोलणारा मुलगा असतो, दुसऱ्यावर मावची बोलणारी मुलगी, तिसऱ्यावर अहिराणी. मराठी ही या सगळ्यांची शाळेतली भाषा. इच्छापोरच्या माझ्या पुतणीच्या बाबतीत तीही सोय नाही. घरात आजीशी अहिराणी, शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते, हे खरं. पण भावाच्या घरापासून जवळ पडली ती गुजराती शाळा. मग पुस्तकी मराठी, म्हणजे ज्या मराठीत मी हे लिहितो आहे ती, तिच्या कानावर पडते कुठे? फक्त सिनेमात आणि मालिकेत. भाऊ म्हणतो, "भाऊ, पोरीले मराठी बोलता येत नाही, पण 'सैराट'चे डायलॉग सगळे येतात." त्याचं सगळं तर्कशास्त्र या एका वाक्यात आहे.

'सैराट' आला २०१६ साली. तेव्हा इच्छापोरहून वीस-बावीस जण टेम्पो करून तापी ओलांडून गेले होते. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा भावाची बायको गल्लीतल्या पंधरा बायकांना घेऊन गेली. पुरुष एकही नाही. येण्या-जाण्याचं भाडं, तिकीट, मध्यंतरातलं खाणं धरून माणशी जेवढा खर्च आला त्यात आठवड्याचा भाजीपाला झाला असता. मराठी चित्रपटाला मुख्य वेळेत एक खेळ द्यावा, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०१५ साली मल्टिप्लेक्सवाल्यांवर घातला. पण नवापूर स्टेशनच्या फलाटावर जी राज्याची हद्द आहे, तिच्या पलीकडे तो लागू नाही. सुरतेत मराठी चित्रपट जेव्हा लागेल, जिथे लागेल, जितके दिवस राहील, तेवढाच आपला. मग आपल्या गल्लीत आपलंच टॉकीज का नसावं, हा भावाचा सवाल चुकीचा नव्हता.

शेजारचे एक गुजराती शेठ मोठे गमतीदार. त्यांना ही योजना कळली तेव्हा म्हणाले, "मास्तरसाहेब, १६६४ मध्ये तुम्ही सुरतेतून नेलंत, आता आणून देताय! हिशेब चुकता झाला." सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला ही थट्टा वर्षातून दोनदा तरी ऐकावी लागते. या वेळी तिच्यात धंद्याचा सल्लाही होता.

तर हिशेब. मी गणिताचा मास्तर नाही, मराठीत एम. ए. केलेला माणूस, पण शाळेचं अंदाजपत्रक करून करून आकड्यांची भीती गेली आहे. तिकीट ८० रुपये धरलं. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. आधी तो १२ होता. म्हणजे हातात राहिले ७६. त्यातला निम्मा वाटा वितरकाचा. मोठ्या मल्टिप्लेक्सांचा आणि निर्मात्यांचा २००९ साली संप होऊन जो समझोता झाला त्यातही पहिल्या आठवड्यात निम्मा, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस, असेच दर होते. आपण निम्माच धरू. राहिले ३८ रुपये. भावाने गाळ्याचं भाडं ३५ हजार सांगितलं, वातानुकूलनासह वीज २५ हजार, दोन माणसांचा पगार ३६ हजार, यंत्रसामग्रीचा हप्ता आणि किरकोळ २४ हजार. महिना एक लाख वीस हजार. भागिले ३८, रोज १०५ प्रेक्षक. साठ खुर्च्या, दिवसाचे तीन खेळ, म्हणजे १८० जागा. शंभरातल्या अठ्ठावन्न खुर्च्या वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस भरल्या पाहिजेत, तेव्हा कुठे भाडं निघेल. भावाच्या घरची चूल त्यानंतर.

देशातल्या सर्वांत मोठ्या चित्रपटगृह-साखळीच्या खुर्च्या अलीकडच्या वर्षांत सरासरीने चौथाईच्या आसपास भरतात. तेही चकचकीत मॉलमध्ये. ती साखळी जगते ती बऱ्याच अंशी मक्याच्या लाह्यांवर. इच्छापोरचा फिटर तीनशे रुपयांच्या लाह्या खाणार नाही. तो दहा रुपयांचे शेंगदाणे खिशात घालून येईल.

भावाला हे पटवायला दोन रात्री लागल्या. तो म्हणे, चौथ्या आठवड्यातला चित्रपट तीस टक्क्यांत आणू. आणावा, पण थोड्याच आठवड्यांत तो मोबाइलवर येणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो म्हणे, इथे आपली माणसं भरपूर आहेत. आहेत, पण एका वेळी मोकळी किती? मी चार संध्याकाळी त्याच्याबरोबर खोल्या-खोल्यांतून हिंडलो. एका खोलीतले दोघे कामावर, दोघे झोपलेले. ते उठले की हे झोपणार. हजिऱ्याच्या पाळ्यांनी माणसांचा दिवस तिन्ही बाजूंनी कापून घेतलेला. कंपन्यांच्या वसाहतींत राहणारे मराठी इंजिनियर मोटारीने अडाजणला जातात, ते दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात कशाला येतील? टॉकीजला नुसती लोकसंख्या पुरत नाही, माणसांना रिकामी संध्याकाळ असावी लागते.

आणि तो गाळा. पाचव्या दिवशी आम्ही तो बघायला गेलो. जिना एक, अरुंद. खिडक्यांना बाहेरून लोखंडी जाळ्या आणि जाहिरातीचे फलक. मी आत पाय ठेवला आणि भावाला म्हटलं, इथे नाही. २४ मे २०१९ रोजी याच सुरतेत, सरथाण्याच्या तक्षशिला संकुलात शिकवणीच्या वर्गांना आग लागली आणि २२ जीव गेले. खाली उतरायला वाट नव्हती म्हणून मुलांनी वरून उड्या टाकल्या. ते चित्रण दूरदर्शनवर पाहिल्यानंतर आठवडाभर मी आमच्या शाळेचे जिने मोजत होतो. दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली, ती बहुतेक गुदमरून. अंधार करून, दार लावून साठ माणसं बसवायची म्हणजे साठ घरांची जोखीम घ्यायची. गुजरातचा चित्रपटगृहांविषयीचा कायदा २००४ चा आहे. परवाना, अग्निशमन दलाचं प्रमाणपत्र, बाहेर पडायच्या वाटा, सगळं त्यात येतं. भावाचा एक मित्र म्हणाला, "परवान्याचं होऊन जाईल." हे 'होऊन जाईल' ज्या आवाजात म्हणतात तो आवाज मी ओळखतो. मी सांगितलं, तसं होणार असेल तर माझी सही नाही. भाऊ त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बोलला तो वेगळंच. म्हणाला, मराठीच दाखवायचं असा हट्ट सोडला आणि हिंदी, भोजपुरी, दक्षिणेकडची भाषांतरित चित्रं लावली तर? तर गर्दी वाढेल, हे मीही मान्य केलं. पण मग जमीन कशासाठी विकायची? पोरीच्या कानावर मराठी पडावं म्हणून निघालेला माणूस भोजपुरी चित्रपटांचं टॉकीज चालवणार! धंदा म्हणून करायला हरकत नाही. फक्त मग त्याला धंदा म्हणावं. तो बराच वेळ गप्प होता. मराठीच्या नावाने आपण जी कामं काढतो त्यांत ही गाठ कधी ना कधी येतेच, आणि बहुतेक वेळा आपण ती न सोडवता वरून फलक लावून मोकळे होतो.

लहान टॉकीज चालतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मालेगाव हे सुरतेसारखंच यंत्रमागांचं गाव. तिथल्या नासिर शेख यांनी २००० साली गावातलीच माणसं घेऊन 'मालेगाव के शोले' केला आणि तो तिथल्या व्हिडिओगृहात धो धो चालला; त्या उद्योगावर पुढे माहितीपट निघाला आणि २०२५ साली 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपटही आला. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या 'ओडेसा' मंडळींनी गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि तिच्यातून १९८६ साली 'अम्मा अरियान' तयार झाला. पुण्यात मराठी चित्रपटांचं घर समजलं जाणारं 'प्रभात' १९३४ पासून ऐंशी वर्षं दामल्यांकडे होतं. २०१४ च्या अखेरीस भाडेकरार संपला आणि वास्तू मूळ मालक किब्यांकडे परत गेली. त्यांनी ती पुन्हा चालू केली, ही गोष्ट वेगळी. पण जिथे प्रेक्षकांचा तुटवडा नव्हता तिथेही शेवटचा शब्द जागामालकाचा होता.

आपल्याकडच्या पन्नाशीतल्या वाचकांना व्हिडिओची रात्र आठवत असेल. १९८५-८६ च्या सुमारास गणपतीत माणशी दोन-दोन रुपये काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, आणि पटांगणात रात्रभरात तीन चित्रपट. तिसरा संपेपर्यंत कोंबडा आरवायचा. त्या टॉकीजला भाडं नव्हतं, पगार नव्हता, रिकामी खुर्ची नव्हती. पैसे आधी जमत आणि यंत्र मागून येई. यात्रेतले तंबूवाले याच हिशेबाने जगले. माणसं जमतात त्या दिवशी तंबू ठोकायचा, उरलेल्या दिवसांचं भाडं भरायचं नाही.

मी भावाला हेच सांगितलं. रोजचं टॉकीज इच्छापोरला पेलणार नाही. महिन्यातून एक रविवार पेलेल. समाजाच्या एका सभागृहाला तळमजल्यावर समोरासमोर दोन मोठी दारं आहेत. ते दिवसाच्या भाड्याने मिळतं. पडदा आणि प्रक्षेपक भाड्याने आणावा. चित्रपट पेनड्राइव्हवर उतरवून नव्हे, हक्क असणाऱ्याकडून रीतसर परवानगी घेऊन, त्याचे पैसे देऊन दाखवावा. एवढ्या खेळापुरती सरकारी परवानगी काय लागते ते आधी कचेरीत जाऊन लेखी विचारावं. आणि वर्गणी भिशीसारखी, घरटी महिना दोनशे, सहा महिन्यांची आगाऊ. दीडशे घरं झाली तर पुढे जायचं, नाही झाली तर पैसे परत. दुपारचा खेळ बायकांचा, कारण पंधरा जणींना टेम्पोत घालून नेणारी बाई आपल्याच घरात आहे.

भावाने हे आनंदाने मान्य केलं असं समजू नये. "हे टॉकीज नाही, हा कार्यक्रम झाला," असं तो म्हणाला, आणि ते खरं आहे. त्याला गल्ल्यावर बसायचं होतं, दारावर मोठ्या अक्षरांत नाव लावायचं होतं. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या फाटकातून आत-बाहेर केलेल्या माणसाला एक दार स्वतःचं असावं असं वाटलं, तर त्यात वावगं काय? पण दोन एकर जमीन त्या दाराची किंमत म्हणून मी लिहून देऊ शकलो नाही.

वर्गणीची वही पुतणीकडे आहे. तिने नावं गुजराती लिपीत लिहिली आहेत. पाटील, वाघ, सोनवणे, सगळे गुजरातीत. मी काही बोललो नाही. परवाच्या फोनपर्यंत ९४ घरं झाली होती, त्यांत अकरा ओडिया आणि चार गुजराती. ओडिया मंडळींनी विचारलंय, सहातला एक खेळ त्यांच्या भाषेतला होईल का. भावाने उत्तर दिलेलं नाही. माझं मत विचारलं आहे. मी होय म्हणून कळवलं आहे. दीडशेला अजून छप्पन्न घरं कमी आहेत.